कवटीवरून डोळे कसे ठरवतात: खोबण काय सांगते आणि काय सांगत नाही

प्रश्न असा आहे: अनोळखी कवटीवरून चेहरा घडवताना डोळा खोबणीत नेमका कुठे बसवायचा, केवढा घ्यायचा, पापण्या कशा द्यायच्या? आणि यातलं हाडावरून आलेलं किती, अंदाजानं भरलेलं किती?

आधी थोडक्यात सांगतो. नेत्रगोलाची जागा आणि डोळ्याचे दोन्ही कोपरे खोबणीच्या कडांवरून काही मिलिमीटरच्या आत काढता येतात. डोळा किती पुढे येतो हेही बऱ्यापैकी सांगता येतं. पापणीची घडी, फुगवटा आणि भुवईचा दाटपणा हा अंदाजाचा भाग आहे. रंग कवटीतून मुळीच येत नाही. पण बहुतेक फसलेल्या चेहऱ्यांत गडबड रंगाची किंवा पापणीची नसते, नेत्रगोलाच्या जागेची असते. जे मोजून काढता येतं तेच न मोजता, नुसत्या नजरेच्या अंदाजानं उरकलेलं असतं. म्हणून इथे सगळ्यात जास्त वेळ त्याच भागाला देतो.

काम सुरू होतं कवटी सरळ धरण्यापासून. कवटी फ्रँकफर्ट पातळीत बसवायची, म्हणजे दोन्ही कानांच्या भोकांच्या वरच्या कडा आणि डाव्या खोबणीच्या खालच्या कडेचा सर्वांत खालचा बिंदू एका आडव्या पातळीत आणायचे. हे सगळेच करतात. राहून जातं ते डाव्या-उजव्या बाजूचं कलणं. कवटी 2 अंशांनी जरी एका खांद्याकडे झुकली तरी दोन डोळ्यांच्या उंचीत 2 मिलिमीटरचा खोटा फरक येतो. मग माणसाचा चेहराच वाकडा होता असं समजून तो मातीत उतरवला जातो. समोरून ओळंबा सोडून नाकाच्या मुळाचा मध्य आणि वरच्या जबड्याचा मध्य एका रेषेत आहेत का ते पाहा. नाक किंवा जबडा मुळातच वाकडा असू शकतो, म्हणून दोन्ही बाजूंच्या कपाळ-गाल सांध्यांची उंचीही मोजा.

आता खोबण. प्रौढ माणसात तिची रुंदी सुमारे 40 आणि उंची सुमारे 35 मिलिमीटर असते. ती सात हाडांची बनते आणि त्यातली आतल्या भिंतीची हाडं कागदासारखी पातळ असतात. जमिनीतून निघालेल्या कवटीत ही भिंत, विशेषतः अश्रुहाड, बहुतेक वेळा फुटलेलं किंवा गायब असतं. नेमका डोळ्याचा आतला कोपरा तिथूनच काढायचा असतो, त्यामुळे साफसफाई करताना खोबणीतली माती ब्रशनं ओढून काढू नये. पाण्यानं मऊ करून लाकडी काडीनं, कडेपासून मध्याकडे, थोडी थोडी सोडवावी. सीटी स्कॅनवरून काम करत असाल तर काप 1 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ घ्या. जाड कापात ही पातळ भिंत संगणकाला दिसतच नाही आणि पडद्यावर भलं मोठं भोक उमटतं. ते खरं भोक समजून बुजवत बसणारे पुष्कळ आहेत.

कोपऱ्यांपैकी बाहेरचा सोपा. गालाच्या हाडावर, खोबणीच्या बाहेरच्या कडेच्या किंचित आत, एक छोटा उंचवटा असतो. व्हिटनॉल या शरीरशास्त्रज्ञानं 1911 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि तो त्याच्याच नावानं ओळखला जातो. डोळ्याचा बाहेरचा कोपरा ओढून धरणारा अस्थिबंध, वरची पापणी उचलणाऱ्या स्नायूच्या पडद्याची बाहेरची शाखा आणि नेत्रगोलाला खालून झोळीसारखा आधार देणारा बंध, हे सगळे तिथे येऊन मिळतात. शंभरातल्या साधारण 95 कवट्यांत तो सापडतो. जागा अशी: कपाळ आणि गालाच्या हाडाचा सांधा जिथे कडेला येतो तिथून सुमारे 11 मिलिमीटर खाली, आणि कडेपासून 2 ते 4 मिलिमीटर आत.

तो शोधायचा डोळ्यांनी नाही, बोटानं. करंगळीचं टोक कडेच्या आतल्या बाजूला टेकवा आणि सांध्यापासून सावकाश खाली आणा. हाड गुळगुळीत लागत जातं आणि एका जागी बोट हलकेच अडतं. काही कवट्यांत गव्हाच्या दाण्याएवढा ठळक उंचवटा लागतो, काहींत नुसता खरखरीतपणा. दिव्याचा प्रकाश बाजूनं, जवळजवळ हाडाला समांतर टाकला तर त्याची सावली पडते. त्या जागी पेन्सिलनं बारीक ठिपका द्या. साचा काढून प्लास्टरच्या प्रतीवर काम करणार असाल तर हा ठिपका मूळ कवटीवर आधी मोजून त्याची मापं लिहून ठेवा, कारण साच्यात हा उंचवटा बहुधा बुजतो. कुठेच सापडला नाही तर सांध्याखालचं 11 मिलिमीटरचं माप वापरा आणि ते तसं नोंदवा.

उंचवटा म्हणजे कोपरा नाही, हे लक्षात ठेवायला हवं. अस्थिबंधाला स्वतःची लांबी असते. दिसणारा कोपरा बाहेरच्या कडेपासून साधारण 4.5 मिलिमीटर आत पडतो. आतल्या कोपऱ्याचंही तसंच. नाकाच्या बाजूला अश्रुपिशवीचा उभा खड्डा असतो आणि त्याच्या पुढच्या बाजूला वरच्या जबड्याच्या हाडाचा कंगोरा. खड्ड्याच्या मधल्या उंचीवर खूण करा आणि तिथून जवळपास 5 मिलिमीटर बाहेर आतला कोपरा धरा. जुन्या पुस्तकी पद्धतीत हे अंतर 2 मिलिमीटर धरलेलं आढळतं. तसं केलं की डोळे नाकाला चिकटल्यासारखे दिसतात.

एक हिशेब करून पाहू. खोबण 40 मिलिमीटर रुंद, आतून 5 आणि बाहेरून 4.5 सोडले, तर डोळ्याची फट 30 ते 31 मिलिमीटर येते. जिवंत प्रौढांत ती साधारण 28 ते 31 असते, म्हणजे हिशेब जमला. तुमच्या कवटीवर ही लांबी 25 किंवा 36 आली तर आधी खुणा तपासा; तुटलेली आतली भिंत हे नेहमीचं कारण असतं. दोन्ही कोपरे जोडणारी रेषा बहुतेकांत बाहेरच्या बाजूला 1 ते 2 मिलिमीटर चढते. हा चढ कवटीवरून जसा येईल तसा ठेवा, ‘सुंदर दिसावं’ म्हणून वाढवू नका.

आता मुख्य भाग, नेत्रगोल. प्रौढाचा नेत्रगोल सुमारे 24 मिलिमीटरचा असतो आणि माणसामाणसात यात फारसा फरक पडत नाही. मोठी खोबण म्हणजे मोठा डोळा हा गैरसमज आहे. खोबणीचं आकारमान साधारण 30 मिलिलिटर, नेत्रगोलाचं 7. उरलेली जागा चरबी, स्नायू आणि नसांची. मुलांच्या कवटीत हे उलट बाजूनं चुकतं. जन्मतः नेत्रगोल 16-17 मिलिमीटरचा असतो आणि तिसऱ्या वर्षापर्यंत 22 च्या पुढे गेलेला असतो. म्हणून चार वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यात प्रौढाच्या मापाला अगदी जवळचा डोळा घालावा लागतो. हात आपोआप लहान डोळ्याकडे जातो, आणि मग ते मूल छोट्या म्हाताऱ्यासारखं दिसायला लागतं.

हा गोल खोबणीच्या बरोबर मध्यात बसवायचा, असा ठोकताळा कित्येक दशकं शिकवला गेला. तो चुकीचा आहे. ऑस्ट्रेलियात स्टीफन आणि डेव्हिडसन यांनी 2008 मध्ये मृतदेहांच्या विच्छेदनातून दाखवलं की नेत्रगोल छताच्या आणि बाहेरच्या भिंतीच्या जवळ असतो, मध्यापासून साधारण 1 ते 2 मिलिमीटर वर आणि बाहेर. त्यांचे नमुने थोडे होते. पण 2012 मध्ये 375 फ्रेंच प्रौढांच्या सीटीवरून झालेल्या अभ्यासातही दिशा तीच निघाली. कारणही शरीररचनेत आहे: खाली आणि आत चरबी जास्त, शिवाय आतल्या बाजूला अश्रूंचा सगळा मार्ग.

दीड मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण दोन्ही डोळे दीड-दीड मिलिमीटर बाहेर सरकले की बाहुल्यांमधलं अंतर 3 मिलिमीटरनं वाढतं. बहुतेक प्रौढांत हे अंतर साठीच्या आसपास असतं, त्यात 3 म्हणजे शेकडा 5. घरच्या माणसाला ‘आपला’ चेहरा वाटणं किंवा न वाटणं एवढ्यावर ठरू शकतं. उंचीचंही तेच: 35 च्या खोबणीत 24 चा गोल मध्यात ठेवला तर वर-खाली साडेपाच-साडेपाच उरतात, खऱ्या जागी वर सुमारे 4 आणि खाली सुमारे 7. मध्यात बसवलेला डोळा खाली घसरल्यासारखा दिसतो. मग ते झाकायला भुवई आणि डोळ्यामध्ये माती भरली जाते आणि वरची पापणी सुजकट होते.

पुढे किती आणायचा, इथेही जुना ठोकताळा तपासल्यावर टिकला नाही. वरच्या कडेच्या मध्यापासून खालच्या कडेच्या मध्यापर्यंत पट्टी धरायची आणि कॉर्नियाचं, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक फुगवट्याचं, टोक तिला टेकेल इतका डोळा मागे ठेवायचा, असा तो होता. डोळ्यांचे डॉक्टर जिवंत माणसांत डोळ्याचा पुढेपणा मोजतात, त्या मापांशी 2002 मध्ये तुलना झाली तेव्हा ही पद्धत डोळा सुमारे 4 मिलिमीटर आत ढकलते असं दिसलं. पुढच्याच वर्षी विल्किन्सन आणि मॉटनर यांनी एमआरआयवर पाहिलं तर ती पट्टी कॉर्नियाला नाही, त्याच्या मागच्या बुबुळाच्या, म्हणजे रंगीत चकतीच्या, पातळीला टेकत होती. बुबुळ आणि कॉर्नियाच्या टोकामध्ये साडेतीन मिलिमीटरच्या आसपास अंतर असतं, म्हणजे दोन्ही निष्कर्ष एकमेकांशी जुळतात.

प्रत्यक्षात असं करा. खोबणीच्या मागच्या भागात मातीचा गोळा दाबून बसवा आणि त्यावर डोळा ठेवा. पट्टी वरच्या आणि खालच्या कडेवर उभी टेकवा. बुबुळाची चकती पट्टीच्या पातळीत आली पाहिजे, कॉर्नियाचा फुगवटा पट्टीच्या पुढे. कॉर्निया असलेल्या डोळ्यावर मधोमध पट्टी बसणार नाही, म्हणून ती बुबुळाच्या कडेला धरून दोन्ही बाजूंनी बघा. मग बाजूनं कॅलिपर लावून खोबणीच्या बाहेरच्या कडेच्या सर्वांत आत गेलेल्या बिंदूपासून कॉर्नियाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. जिवंत माणसांत हे सरासरी 16 मिलिमीटरच्या जवळ असतं. मात्र तिथे उपकरण कातडीवर टेकलेलं असतं, त्यामुळे कोरड्या हाडावरून मोजताना थोडं जास्त आलं तर घाबरायचं कारण नाही. 12 आलं तर डोळा आत गेलाय.

यासाठी साधा गुळगुळीत गोल चालत नाही. कॉर्निया हा वेगळा, जास्त वक्र भाग आहे. त्याची त्रिज्या 7.8 मिलिमीटरच्या आसपास असते, बाकी डोळ्याची 12. वरच्या पापणीवर जो हलका उंचवटा दिसतो तो त्याच्यामुळे. मण्यासारखा गोल घातला की पापणी सपाट पडते आणि डोळा खेळण्यातल्या बाहुलीच्या डोळ्यासारखा दिसतो. कृत्रिम डोळे बनवणाऱ्यांकडून अ‍ॅक्रिलिकचा, कॉर्नियासह, 24 मिलिमीटरचा पूर्ण गोल करून घ्या. बुबुळ साडेअकरा ते बारा मिलिमीटरचं असावं. बाजारात मिळणाऱ्या बाहुल्यांच्या डोळ्यांत ते बहुधा मोठं असतं आणि त्यामुळे सगळा चेहरा लहान वयाचा वाटतो.

दोन्ही खोबणी वेगवेगळ्या मोजा. एक बाजू मोजून दुसरीकडे आरशासारखी उतरवू नका. एका खोबणीची उंची दुसरीपेक्षा मिलिमीटरभर कमी असणं सर्रास आढळतं, आणि हीच असमानता त्या माणसाची खरी ओळख असू शकते.

पापण्यांकडे येऊ. इथून पुढे हाड कमी बोलतं. उघड्या, शांत डोळ्याची फट मधोमध 9 ते 11 मिलिमीटर उंच ठेवा. वरची पापणी बुबुळाचा वरचा 1 ते 2 मिलिमीटर भाग झाकते, खालची बुबुळाच्या खालच्या कडेला जेमतेम शिवते. बुबुळ पूर्ण गोल दिसलं की चेहरा दचकलेला दिसतो. वरच्या पापणीचा सर्वांत उंच बिंदू बाहुलीच्या किंचित आत, नाकाकडे. खालचीचा सर्वांत खोल बिंदू किंचित बाहेर. त्यामुळे फट बदामासारखी सममित होत नाही, जराशी तिरपी पडते. पापणीच्या कडेला सुमारे 2 मिलिमीटर जाडी असते, ती दिसली पाहिजे. बाहेरच्या कोपऱ्यात वरची पापणी खालचीवरून थोडी पुढे जाते. आतल्या कोपऱ्यात लालसर मांसल बोंड असतं, ते नुसतं खाच पाडून सोडू नका.

वरच्या पापणीची घडी कशी असेल? खोबणीची वरची कड बाहेरच्या बाजूला जाड आणि पुढे आलेली असेल तर तिथली कातडी घडीवर उतरते, असा संबंध जुन्या रशियन परंपरेत मांडला जातो. तो वापरायला हरकत नाही, पण त्याला मोजमापाचं वजन देऊ नये. नाकाकडच्या कोपऱ्यावर येणारी कातडीची घडी, जी पूर्व आशियात आणि आपल्या ईशान्येकडे बऱ्याच लोकांत दिसते, तिची हाडावर खूण नसते. कवटीच्या एकूण घडणीवरून ती व्यक्ती कोणत्या लोकसमूहातली असावी याचा कल काढतात आणि त्यावरून घडी देतात. म्हणजे एका अंदाजावर दुसरा अंदाज. अशा वेळी घडी असलेली आणि नसलेली, दोन्ही रूपं तपास अधिकाऱ्याला देणं मला प्रामाणिक वाटतं.

भुवई कडेवर किंवा तिच्या थोडी वर असते, पुरुषांत खाली आणि बायकांत थोडी चढती. तिच्या कमानीचा उंच बिंदू बुबुळाच्या बाहेरच्या कडेच्या वर घ्यायचा असा नियम चित्रकलेतून आलाय; जिवंत चेहऱ्यांवर मोजल्यावर तो बिंदू बाहेरच्या कोपऱ्याच्या जवळ निघाला. केस किती दाट होते ते सांगता येत नाही. मध्यम ठेवा.

हाडावर जुनी इजा असेल तर ती शोधणं फार मोलाचं आहे. खोबणीचा तळ खचून बरा झालेला असेल तर खोबणीचं आकारमान वाढतं, आणि प्रत्येक 1 मिलिलिटर वाढीमागे डोळा सुमारे 1 मिलिमीटर आत जातो. 3 मिलिलिटरचा फरक असेल तर एक डोळा खोल गेलेला, हे नातेवाईक लगेच ओळखतात. सीटीवर दोन्ही बाजूंचं आकारमान काढून हे ठरवता येतं. हातात कवटी असेल तर तळावरच्या बऱ्या झालेल्या कडा बोटाला गोलसर लागतात, मेल्यानंतर फुटलेल्या कडा धारदार. लहानपणीच डोळा काढला असेल तर त्या बाजूची खोबण वाढत नाही, लहान राहते. याउलट छतावरची चाळणीसारखी बारीक छिद्रं रक्तक्षयासारख्या आजारांशी जोडली जातात. त्यांचा डोळ्याच्या दिसण्याशी संबंध नाही.

रंगाबद्दल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं हरियाणातल्या राखीगढीत केलेल्या उत्खननातल्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दोन कवट्यांवरून कोरियन शास्त्रज्ञांच्या मदतीनं चेहरे तयार झाले आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा लोकांनी सर्वांत आधी रंगाबद्दल विचारलं असेल तर नवल नाही. पण अशा चेहऱ्यात डोळ्यांची जागा सीटीतल्या हाडावरून येते, रंग नाही. रंग हवा असेल तर डीएनए लागतो. रॉटरडॅमच्या इरास्मस वैद्यकीय केंद्रात तयार झालेली आयरिसप्लेक्स ही चाचणी 6 जनुकीय खुणा पाहते. निळा आणि गडद तपकिरी ती चांगले ओळखते, मधले रंग ओळखताना अडखळते. म्हणजे आपल्याकडे ज्यांना घारे डोळे म्हणतात, कोकणात आणि देशावरही काही घराण्यांत दिसतात तसे, तिथेच ती कच्ची पडते. डीएनए नसेल तर भारतातल्या अनोळखी मृतदेहासाठी गडद तपकिरी धरा, आणि पत्रकावर छापताना चेहरा कृष्णधवल द्या. रंगीत छापला की लोक रंगालाच पुरावा समजतात. घारे डोळे असलेल्या हरवलेल्या माणसाचे घरचे ‘हा आमचा नाही’ म्हणून पान उलटतात.

चेहरा पूर्ण झाल्यावर शेवटची तपासणी चुकवू नका. माती चढवण्याआधी कवटीचा समोरून फोटो घेतलेला असतो, कॅमेरा किमान दीड-दोन मीटरवरून, त्याच उंचीवर. त्याच जागेवरून तयार चेहऱ्याचा फोटो घ्या आणि संगणकावर दोन्ही एकमेकांवर पारदर्शक करून ठेवा. बाहेरचा कोपरा व्हिटनॉलच्या उंचवट्याच्या किंचित आत, त्याच उंचीवर पडला पाहिजे. आतला कोपरा अश्रुपिशवीच्या खड्ड्याच्या मध्यासमोर. फोटोवर कवटी बसवून ओळख तपासताना प्रयोगशाळा हेच बिंदू उलट बाजूनं वापरतात. इथे 2 मिलिमीटरहून जास्त फरक निघाला, तर पापणीची माती ओढून कोपरा जागेवर आणू नका. पापण्या काढा, डोळा मोकळा करा, मागचा गोळा परत दाबा आणि पट्टीपासून पुन्हा सुरुवात करा.